ग्राफिक्स ड्रायव्हरची निवड (लिनक्स)

ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती वाढवल्यावर संगणकातील ग्राफिक्स कार्डाला चालेल असा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ठरवणे. इंटेलच्या ग्राफिक्सबाबत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. निवड करावी लागते ती मुख्यतः एनव्हीडियाच्या कार्डांसाठी. तिथे कंपनीचा बंदिस्त (स्रोत उघड नसलेला) ड्रायव्हर आणि मुक्तस्रोत ‘नूव्हो’ असे दोन मार्ग आहेत.

नूव्होचा आरंभ २००५-०६ च्या सुमारास मानतात. त्याआधी एनव्हीडियानेच दिलेला ‘एनव्ही’ हा साधा द्विमितीय ड्रायव्हर होता. त्याचा स्रोत खुला होता खरा, पण मुद्दाम दुर्बोध ठेवलेला. तो साफ करण्याच्या खटपटीतून स्तेफान मार्शेसां यांनी हे काम सुरू केले. काही जण फेब्रुवारी २००६ मधील ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्तस्रोत संमेलनापासून प्रकल्पाची गणना करतात. ती त्याच्या जाहीर घोषणेची तारीख असल्याने प्रत्यक्ष आरंभ थोडा आधीचा धरणे सयुक्तिक वाटते. फ्रेंचमध्ये ‘नूव्हो’ म्हणजे नवा, एवढ्यावरच नावाची व्युत्पत्ती बहुधा सांगितली जाते. प्रकल्पाच्या वर्तुळातील हकीकत अशी की, मार्शेसां गप्पांच्या खिडकीत ‘एनव्ही’ टाइप करत, तेव्हा आपोआप शब्द बदलणारी सोय ‘नूव्हो’ हा शब्द पुढे करी. दोन्हींत विरोध नाही. पण एवढा नेमका तपशील असल्याने दुसरी हकीकत अधिक ग्राह्य दिसते.

कार्डांची तांत्रिक कागदपत्रे हाती नसल्याने बंदिस्त ड्रायव्हर कार्डाला कोणत्या आज्ञा देतो, हे टिपून त्यावरून कार्डाची रचना ताडावी लागली. ‘रिनूव्हो’ नावाचा छोटा प्रोग्रॅम स्वयंसेवक आपापल्या संगणकावर चालवत आणि मिळालेल्या नोंदी पाठवत. या चिकाटीला तोड नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये नूव्हो प्रायोगिक विभागात आला आणि २०१२ मध्ये ३.४ पासून त्या विभागाबाहेर पडला.

निवड ठरते ती कार्डातील चिपच्या पिढीवरून. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. ‘जीटी ७३०’ हे त्याचे नामी उदाहरण. या एकाच नावाखाली फर्मी पिढीची जीएफ१०८ आणि केप्लर पिढीची जीके२०८ अशा दोन्ही चिपची कार्डे विकली गेली. पहिलीसाठी कंपनीची ३९० ही ड्रायव्हर-मालिका शेवटची, तर दुसरीसाठी ४७०. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा चालवली की चिपचे हे नाव दिसते. ३९० चा पाठिंबा २०२२ च्या अखेरीस संपला. त्यानंतरच्या मॅक्सवेल (मुख्यतः जीटीएक्स ९००) आणि पास्कल (जीटीएक्स १०००) या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका. नंतरच्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी मात्र मे २०२२ पासून कंपनीने कर्नलमधील भागाचा स्रोत खुला केला आहे; चित्रण आणि गणनेसाठीचे ओपनजीएल, व्हल्कन, कूडा हे वरचे थर बंदच आहेत.

नूव्होची खरी कोंडी मधल्या पिढ्यांत होते. जीटीएक्स ९०० पासून कार्ड फक्त कंपनीची सही असलेलेच फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा अंतर्गत प्रोग्रॅम) स्वीकारते. त्यामुळे नूव्होला चिपचा वेग वाढवता येत नाही आणि कार्ड सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राहते. डेस्कटॉप चालतो, खेळ चालत नाहीत. ट्युरिंगपासून ही अडचण ६.७ या कर्नलपासून बरीच दूर झाली. जीटीएक्स ९०० किंवा १००० असलेल्याने बंदिस्त ड्रायव्हर घेणेच इष्ट.

बंदिस्त ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते, कारण लिनक्स कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती स्थिर ठेवण्याचे बंधन कर्नलकारांनी जाणूनबुजून स्वीकारलेले नाही. हे काम डेल कंपनीत तयार झालेली डीकेएमएस ही यंत्रणा करते. जुनी मालिका नव्या कर्नलवर बांधली गेली नाही, तर संगणक सुरू होतो पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘ई’ (e) दाबून ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहावे आणि एफ१० दाबावे. साधे चित्र येते, आणि मग ड्रायव्हर बदलता येतो. सिक्युअर बूट (सही असलेलेच घटक सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास आणखी एक टप्पा येतो. मॉड्यूलवरील सहीची किल्ली नोंदवण्यासाठी पुन्हा सुरू होताना निळा पडदा दिसतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही, तर किल्ली नोंदवली जात नाही व कर्नल मॉड्यूल नाकारतो. ड्रायव्हर बिघडला असे समजून अनेक जण या टप्प्यावर सारी मांडणी पुसून टाकतात. त्याची गरज नसते.

एएमडीच्या कार्डांवर उबुंटू १६.०४ पासून ‘एफजीएलआरएक्स’ हा बंदिस्त ड्रायव्हर मिळत नाही. जुन्या कार्डांना ‘रेडिऑन’ आणि नव्यांना ‘एएमडीजीपीयू’ हे कर्नलमधलेच ड्रायव्हर लागतात.