फ्लॉरेन्सची मध्ययुगीन तटबंदी

इटलीतील टस्कनी प्रांताची राजधानी फ्लॉरेन्स येथे १२८४ ते १३३३ या काळात बांधलेला कोट. लांबी सुमारे ८.५ किमी. आराखडा आर्नोल्फो दी काम्बिओ या वास्तुकाराचा मानला जातो. बाराव्या शतकातला जुना कोट अपुरा पडून वस्ती वेशीबाहेर पसरली होती. ती अशीच वाढेल या हिशेबाने नवा तट ऐसपैस आखला गेला. कामावर देखरेख करणाऱ्यांत इतिवृत्तकार जोव्हान्नी व्हिल्लानी होता. हिशेब मात्र चुकला. १३४८ च्या प्लेगात व्हिल्लानीसह शहरातले असंख्य लोक दगावले आणि तटाच्या आतली बरीच जमीन पुढे कित्येक शतके मळ्यांखाली व मठांच्या आवारांतच राहिली.

वेशींवर जकात वसूल होई, त्यामुळे शांततेच्या काळातही तट रिकामा बसला नाही. तोफा आल्यावर उंच बुरूज उलट धोक्याचे ठरले. १५२६ मध्ये तटबंदीच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या मंडळाचा सचिव मॅकिआव्हेली होता. त्या सुमारास वेशींवरचे बुरूज छाटून बुटके करण्यात आले. १५२९-३० च्या वेढ्यात संरक्षणाची कामे मायकेलअँजेलोकडे होती.

खरा घाव शत्रूने घातलाच नाही. १८६५ मध्ये फ्लॉरेन्स एकसंध इटलीची राजधानी झाले आणि जुझेप्पे पोज्जी या वास्तुकाराच्या योजनेनुसार आर्नो नदीच्या उत्तरेकडील तट पाडून रुंद, झाडांचे रस्ते काढले. राजधानी १८७१ मध्ये रोमला गेली. तट गेला तो गेलाच. पोर्ता अल प्रातो, पोर्ता सान गाल्लो आणि पोर्ता आल्ला क्रोचे या वेशी आज चौकांत, वाहनांच्या गराड्यात एकट्या उभ्या आहेत.

दक्षिण तीरावर मात्र तटाचे सलग भाग आणि पोर्ता रोमाना, सान फ्रेदियानो, सान जोर्जो, सान मिनियातो या वेशी टिकल्या. तेथे चढण असल्याने रुंद रस्त्याची आखणी तटापासून दूर, टेकड्यांवरून गेली. सान निक्कोलो या वेशीचा बुरूज १३२४ चा. मागच्या टेकडीचा आडोसा असल्याने तो छाटला गेला नाही. मूळ उंची पाहायची तर येथेच. हा बुरूज ज्या चौकात आहे, त्या चौकाला नाव पोज्जीचेच आहे. तेथून जवळच, सान मिनियातो वेशीपासून बेल्व्हेदेरे किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या तटाच्या बाहेरच्या अंगाला अजून ऑलिव्हची झाडे आहेत.