उसवलेली लोकर

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. थंडी पडायला लागली की तिथल्या कपड्यांच्या ढिगांत स्वेटर वर येतात आणि त्यांच्याभोवती हल्ली एक निराळं गिऱ्हाईक दिसतं. ते स्वेटर अंगाला लावून बघत नाही. आधी उलटा करतं, बाजूची शिवण बोटांनी फाकवून बघतं, मग एखादा धागा ओढून बघतं. त्याला स्वेटर घालायला नको असतो, उसवायला हवा असतो. जुन्या स्वेटरची लोकर काढायची, धुवायची, गुंडे करायचे आणि नवं काही विणायचं. मीही हेच करते. पण याला कुणी 'नवा छंद' म्हटलं की मला राहवत नाही. पुण्यातल्या कितीतरी घरांत हे काम आज्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. मधली काही वर्षं ते थांबलं, आता परत सुरू झालंय.

आपल्याकडची मूळ लोकर घोंगडीची. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर धनगर कातरतात, सणगर ती मागावर विणतात, वर चिंचोक्याची खळ देतात. पण मागावरच्या कापडात शेकडो धागे उभे-आडवे असतात. ते उसवलं तर हातात तुकडे येतात. सुयांवरच्या विणकामाची जात वेगळी. तिथे एकच धागा एका टाक्यातून दुसरा टाका काढत पुढे गेलेला असतो. शेवटचा टाका सोडला आणि ओढत गेलं की आख्खं वस्त्र पुन्हा धागा होतं. स्वेटर उसवता येतो तो एवढ्यासाठीच.

हे सुयांचं विणकाम इंग्रजांबरोबर आलं. 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याला छावणी पडली, पाठोपाठ मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, आणि मुलींच्या शाळांत शिवणाबरोबर विणकामही शिकवलं जाऊ लागलं. लोकर मात्र उत्तरेतून यायची. कानपूरची लाल इमलीची गिरणी 1876 ची, पंजाबातल्या धारीवालची 1880 ची. म्हणजे लोकर लांबून येणार, महाग असणार, आणि पुण्याची थंडी तर खरीखुरी होती. 17 जानेवारी 1935 ला इथे पारा 1.7 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. अशा गावात एकदा घेतलेली लोकर कुणी सहजासहजी टाकत नसे.

आमच्या आजीकडे दिवाळी आटोपली की ट्रंकेतले स्वेटर उन्हात पडायचे. ज्याला कसर लागली असेल तो बाजूला निघायचा, आणि जो कुणाला आखूड झाला असेल तोही. मग दुपारी कात्रीच्या टोकानं ती बाह्यांची शिवण सोडवायची. पहिला धागा सुटेपर्यंत तिला कुणी हाक मारलेली चालत नसे, कारण चुकून अंगातला धागा कापला गेला तर ओळीओळीला गाठ येणार. गळ्याकडून एकदा धागा लागला की काम आमच्याकडे. ती उसवत जायची, आम्ही पाटाभोवती गुंडाळत जायचो. निघालेली लोकर अशी कुरळी असायची की भांड्यात घातलेल्या शेवयाच वाटाव्यात. पाटावरून लडी उतरवून ती चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवायची, न पिळता दाबून पाणी काढायची आणि दोरीवर टाकून खाली जडसा तांब्या अडकवायची. सकाळपर्यंत लोकर सरळ. आजोबांच्या स्वेटरातून काकाचा हातोप्याचा स्वेटर, त्यातून एखाद्या बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे. बाळासाठी तर धुऊन धुऊन मऊ झालेली हीच लोकर ती मागून घ्यायची.

1962 च्या चीन युद्धात सीमेवरच्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले, त्या पिढीची विणकामाची सवय अशीच घट्ट होती. ब्रिटनमध्ये तर दुसऱ्या महायुद्धात उसवणं हा सरकारी सल्ला झाला होता. 1 जून 1941 पासून तिथे कपड्यांना रेशनचं कूपन लागलं, विणायची लोकरही त्यातून सुटली नाही. उसवलेल्या लोकरीला कूपन लागत नव्हतं, त्यामुळे जुने स्वेटर उसवून पुन्हा विणा असं बायकांना जाहीरपणे सांगितलं जात होतं. आपल्या घरांत हे कुणी सांगावं लागलं नाही.

मग थांबलं का? अ‍ॅक्रिलिकमुळे. खनिज तेलापासून बनणारा हा धागा बाजारात आला 1950 च्या सुमारास. आपल्याकडे तो कॅशमिलॉन या नावानं घराघरांत पोचला. स्वस्त, रंगीत, कसर न लागणारा. पाठोपाठ लुधियानाचे तयार स्वेटर आले. नवा स्वेटर हातच्या लोकरीहून स्वस्त मिळायला लागल्यावर जुना उसवत कोण बसणार? तो बोहारणीकडे जाऊ लागला, बदल्यात स्टीलचं पातेलं. मला त्या बायकांना दोष द्यायचा नाही. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या आमच्या आयांना त्या सोयीची गरज होती.

जुनी लोकर परत वापरण्याचा कारखानदारी मार्ग अ‍ॅक्रिलिकहून जुना आहे. 1813 मध्ये यॉर्कशायरमधल्या बॅटलीत बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून सूत कातलं. त्याला शॉडी म्हणतात. आज भारतात हे काम पानिपतात चालतं. परदेशातले जुने लोकरी कपडे तिथे येतात, पिंजले जातात, त्यांची ब्लँकेटं होतात. कपडे म्हणून ते परत विकले जाऊ नयेत यासाठी हा माल आडवातिडवा चिरलेला असतो. काम मोठं आहे, गरजेचंही आहे. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, म्हणून शॉडीचं सूत भरड आणि कमजोर. हातानं उसवताना तंतूला धक्काच लागत नाही. गिरणीनं कातलेला, पीळ दिलेला, रंगवलेला धागा जसाच्या तसा परत मिळतो. माझ्या लेखी दोन्हींतला खरा फरक हाच.

आणि तो परत हवासा वाटतोय तो शुद्ध लोकरीपायी. आज पेठांतल्या दुकानांत 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर मागितली तर भाव ऐकून हात मागे येतो. उलट जुन्या ढिगात नीट पाहिलं तर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा, क्वचित काश्मिरी लोकरीचाही स्वेटर हाती लागतो. आजी पैसे वाचवायला उसवत होती, आम्ही चांगला धागा मिळवायला उसवतो.

शिवण बघायची ती यासाठी. 1864 मध्ये विल्यम कॉटन यानं स्वेटरचे भाग मापात विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. अशा स्वेटरचे काठ अखंड असतात आणि शिवण साखळीटाक्याची, एक टोक ओढलं की सुटणारी. ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे कापलेल्या काठांवर धाग्यांचं जाळं घालून शिवलेल्या स्वेटरचे भाग मात्र विणलेल्या थानातून कापलेले असतात. तिथे प्रत्येक ओळ काठाशी तुटलेली, धागे वीतभर लांबीचे. पहिल्या वर्षी एका हातगाडीवरून घेतलेला निळा स्वेटर घरी उसवायला बसले, तर तासाभरात मांडीवर नुसते तुकडे जमले. तेव्हापासून शिवण पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. आटून नमद्यासारखा घट्ट, टाके एकमेकांत गुंतलेला झालेलाही घेत नाही, तो उसवतच नाही. शंका असली तर घरी आल्यावर धाग्याचं टोक काडीवर धरते. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो.

सध्या पाटाभोवती तपकिरी लोकर आहे, कुणाच्या तरी अंगावरचा जाड पुरुषी स्वेटर. कोपरांपाशी धागा विरलाय, तेवढा वेगळा गुंडा केलाय. आजीही करायची. तो वाया जात नाही, दुहेरी धरून मोज्यांच्या टाचेला लावायचा.