आरोग्य प्रशासन पदव्युत्तर शिक्षण : अधिस्वीकृती आणि अध्ययन

रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अमेरिकेत ‘कमिशन ऑन अॅक्रेडिटेशन ऑफ हेल्थकेअर मॅनेजमेंट एज्युकेशन’ अधिस्वीकृती, म्हणजे ठरलेल्या निकषांवर तपासून दर्जाची मान्यता, देते. या आयोगाचे काम १९६८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाले. आपल्याकडील नॅक ही मूल्यांकन परिषद संपूर्ण संस्था तपासते, हा आयोग मात्र एकेक पदवी तपासतो. अभ्यासक्रम आधी स्वयंमूल्यांकन अहवाल लिहितो, मग प्राध्यापक आणि रुग्णालयांतील व्यवस्थापक यांची समिती भेट देते. अंशतः पूर्ण झालेल्या निकषांवर पुढे प्रगती अहवाल द्यावा लागतो.

विद्यार्थ्याच्या शिकण्यावर खरा परिणाम होतो तो क्षमतांच्या, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थ्याला काय करता यायला हवे याच्या, निकषामुळे. प्रत्येक क्षमता कोणत्या विषयात, कोणत्या पातळीपर्यंत शिकवली आणि कशाने मोजली, हे दाखवावे लागते. वित्तीय विश्लेषण ही क्षमता घेऊ. पहिल्या सत्रात विद्यार्थी रुग्णालयाचा ताळेबंद वाचतो. तिसऱ्या सत्रात डायलिसिस विभागाचे अंदाजपत्रक मांडून किती वेळा डायलिसिस केल्यावर खर्च भरून निघेल ते काढतो. ते काम ठरलेल्या गुणनिकषांवर दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात. बऱ्याच जणांना स्थिर आणि बदलता खर्च वेगळा करता आला नाही, तर पुढच्या वर्षी पहिल्या सत्रातच तो सराव वाढवायचा. ही शेवटची पायरी गाळली, तर आधीचा सारा खटाटोप वाया जातो. आणि नेमकी तीच सर्रास गाळली जाते.

दुसरी चूक म्हणजे केवळ विद्यार्थ्यांच्या स्वतःबद्दलच्या मतावर विसंबणे. सुरुवातीला स्वतःला पाचपैकी चार गुण देणारा विद्यार्थी विषयाची खोली कळल्यावर तीनच देतो. आकडा घसरलेला दिसतो, पण शिकणे वाढलेले असते. म्हणून प्रकल्प, सादरीकरण आणि इंटर्नशिपमधील मार्गदर्शकाचे मूल्यमापन यांची जोड हवीच. क्षमतांची यादी चाळीसवर गेली की एकही नीट मोजली जात नाही.

अधिस्वीकृत अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्यांना चांगल्या नोकऱ्या मिळाल्या, एवढ्यावरून श्रेय अधिस्वीकृतीला देता येत नाही. तिथे प्रवेशच मुळात निवडक विद्यार्थ्यांना मिळालेला असू शकतो. एकाच अभ्यासक्रमातील बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या तुकड्यांचे काम त्याच गुणनिकषांवर ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

चार-पाच प्राध्यापकांच्या छोट्या विभागात माहिती गोळा करण्यातच शिकवण्याचा वेळ जातो. तिथे दरवर्षी एक तृतीयांश क्षमता आळीपाळीने सखोल मोजणे झेपते.