‘कर्सर’ नेमका कुठे असतो? मोठ्या निकालांची पार्श्वभूमी

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या १९८६च्या पहिल्याच मानकात कर्सर होता, म्हणजे निकालातल्या सध्याच्या ओळीवरची खूण. कोबोलसारख्या भाषेला एका वेळी एक ओळ हाताळता येई, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मात्र ओळींचा संच देई. म्हणून कर्सरच्या चार पायऱ्या: डिक्लेअर (जाहीर करणे), ओपन (उघडणे), फेच (ओळ आणणे), क्लोज (बंद करणे). मागावी तेवढीच ओळ खाली येई.

पुढे क्लायंट लायब्ररींनी, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हरशी जोडणाऱ्या कोडने, हे उलटे केले. पोस्टग्रेस या डेटाबेसची लिबपीक्यू लायब्ररी असो वा मायएसक्यूएल या डेटाबेसचा बफर केलेला (मेमरीत साठवलेला) निकाल, आधी सगळ्या ओळी क्लायंटकडे येतात आणि मगच पहिली ओळ प्रोग्रॅमच्या हाती पडते. याला कारणही होते: सर्व्हर लवकर मोकळा होतो आणि क्वेरी मध्येच फसली तर अर्धवट निकालावर काम झालेले नसते. पण ४०० बाइटच्या ५० लाख ओळी म्हणजे २ जीबी, आणि त्यांचे ऑब्जेक्ट बनले की त्याहून कितीतरी जास्त.

खरा घोळ पायथनने केला. तिथल्या डेटाबेस एपीआयने (डेटाबेस वापरण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) क्लायंटकडच्या वस्तूलाच ‘कर्सर’ म्हटले. सायकोपीजी२ या पायथनच्या पोस्टग्रेस लायब्ररीमध्ये साधा कर्सर घेऊन फेचमेनी या फंक्शनने हजार-हजार ओळी उचलल्या की मेमरी वाचली असे वाटते. प्रत्यक्षात क्वेरी चालवणारे एक्झिक्यूट परत येते तेव्हाच सगळा निकाल मेमरीत आलेला असतो. फेचमेनी त्यातलेच तुकडे काढून देते. सर्व्हरवरचा कर्सर हवा असेल तर कर्सर उघडताना त्याला नाव द्यावे लागते. मग फॉर लूपमध्ये दर खेपेला २००० ओळी येतात. आयटरसाइझ या सेटिंगने हा आकडा बदलतो. एवढा मोठा फरक नाव दिले की नाही यावर सोडणे चूकच होते. त्यापायी आजही रात्रीचे जॉब मेमरी संपून मरतात.

जावातही तेच दुखणे आहे. फेच साइझ (एका खेपेला किती ओळी आणायच्या) ही जेडीबीसीत, म्हणजे जावाच्या डेटाबेस जोडणीत, फक्त सूचना आहे. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर (जोडणी करणारी लायब्ररी) ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक क्वेरीनंतर बदल आपोआप पक्के होणे, चालू असेल तर ती मानतच नाही, आणि तसे सांगतही नाही. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरने एकेक ओळ मिळवण्यासाठी फेच साइझ −२१४७४८३६४८ द्यायची खूण ठरवली. तो निकाल पूर्ण वाचेपर्यंत किंवा बंद करेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही.

लिबपीक्यूत एकेक ओळ देणारी पद्धत २०१२च्या ९.२ आवृत्तीत आली, तर ठरावीक ओळींचे गठ्ठे देणारी २०२४च्या १७व्या आवृत्तीत. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनातला फेच काउंट (एका खेपेच्या ओळींचा आकडा) आधी आतून कर्सर उघडत असे. १७ पासून तो या गठ्ठ्यांवरच चालतो. सर्व्हरवरच्या कर्सरचा ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या कामांचा गट) तासन्‌तास उघडा राहिला तर व्हॅक्यूमला, म्हणजे सफाई करणाऱ्या प्रक्रियेला, मेलेल्या ओळी काढता येत नाहीत आणि टेबल फुगते. गठ्ठ्यांत अर्धवट निकालाची ती जुनी जोखीम परत येते: लाखभर ओळींवर काम झाल्यावर क्वेरी फसू शकते. म्हणून लिहिण्याचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवावे, नाहीतर शेवटची प्रक्रिया झालेली किल्ली (ओळीची ओळख पटवणारे मूल्य) जपून तिथून पुढे सुरू करावे. त्यासाठी क्वेरीत त्या किल्लीवर ऑर्डर बाय (क्रम लावणे) हवाच.