गिलावा आणि ‘पक्कं’ घर

जुन्या घराच्या दर्शनी भिंतीचे पोपडे सुटायला लागले, की घरात प्रश्न निघतो: पुन्हा चुना, की सिमेंट? वाई-सातारा पट्ट्यातल्या बाजाराच्या गावांत हा प्रश्न पाच मिनिटं टिकतो. गवंडी भिंतीवर थाप मारून म्हणतो, “करताच आहात तर पक्कं करा,” आणि संध्याकाळी ओट्यावर गोण्या येऊन पडतात. गेल्या चाळीस वर्षांत पावसाने बिघडवली नसतील एवढी घरं या एका शब्दाने बिघडवली, असं माझं मत आहे.

वाड्यांची जुनी रचना वाचकांना ठाऊक आहेच. खाली दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा, मधल्या भिंती विटांच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या विटांच्या. ही माती गावठाणातलीच. वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगाच नाही. वरून चुन्याचा गिलावा. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, मुरवायची, मग वाळू घालून बैलाने फिरवायच्या चाकाच्या घाणीत मळायची. कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे कातरलेला ताग. पोरबंदरला १९१४ पासून सिमेंट निघू लागलं, तरी पुढची कित्येक वर्षं ते धरणं, पूल आणि मुंबईच्या इमारतींकडेच गेलं.

ते गावात उशिरा का पोचलं, याचं कारण नियंत्रणात आहे. सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या हातात होतं. न्हाणीघर बांधायचं तरी अर्ज, परमिट आणि वशिला. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या कोट्यावरून केवढं रामायण झालं! १९८२च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राने नियंत्रण अंशतः उठवलं, १ मार्च १९८९ला पूर्ण. ज्या वस्तूसाठी वडिलांनी तालुक्याला खेपा घातल्या, ती मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. तिला भाव आला तो निव्वळ मजबुतीमुळे नव्हे. इतकी वर्षं ती मिळत नव्हती, म्हणूनही.

आता त्या ‘पक्कं’चा गुंता. पूर्वी पक्क्या बांधकामाला शब्द होता ‘चुनेगच्ची’. चुना म्हणजेच पक्कं, माती म्हणजे कच्चं. सरकारी कागदांनी हा अर्थ सोडलेला नाही. जनगणनेत चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेला दगड पक्क्यातच धरतात. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतही चुना आणि सिमेंट एकाच रकान्यात बसतात: आधी झोपडी किंवा मातीचं घर, मग दगड-विटा-मातीचं, मग दगड-विटांचं चुना किंवा सिमेंट वापरलेलं, आणि शेवटी आरसीसी. म्हणजे चुन्याला कच्चं ठरवलं ते लोकांनी, नियमाने नव्हे. शिवाय कागद बघतो ती भिंत कशात बांधली आहे ते. गावात बघतात तो वरचा गिलावा. त्यामुळे भेंड्यांच्या भिंतीला इंचभर सिमेंट चोपडलं की मालकाच्या लेखी घर पक्कं होतं. घरकुलाची यादी करायला माणसं आली, की तेच घर तासाभरापुरतं पुन्हा कच्चं होतं, हा भाग वेगळा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि या वादात चुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं तोंडच बंद झालं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, वर दीड-दोन फूट मातीचं माळवद होतं, माणसं झोपेत गाडली गेली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदराला सांधणारे लांब दगड नव्हते आणि डोक्यावरचं ओझं भयंकर होतं, हे तपासणाऱ्यांनी नंतर सांगितलं. पण टीव्हीवर ढिगारे पाहिलेल्या माणसाला एवढंच कळलं, की मातीच्या घरात मरण आहे. त्याला दोष तरी कसा द्यायचा? फक्त, त्या भीतीवर उपाय म्हणून जो सिमेंटचा गिलावा आला, तो भूकंपात भिंत धरून ठेवण्याच्या कामाचा नव्हता.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत त्याच लाटेत, १९९४च्या उन्हाळ्यात झाली. जुना चुना टोकरून काढला, माती धरेना म्हणून खिळे मारून जाळी ताणली, वर सिमेंट. पाचेक पावसाळे भिंत आरशासारखी होती. मग जोत्यापासून तीन फुटांवर ओलीची रेघ उमटली. रंगाखाली पांढरी भुकटी फुलू लागली, म्हणजे लोणा. बोटाच्या पेराने वाजवलं की ‘टप’ऐवजी ‘डब’ असा पोकळ आवाज. एका श्रावणात दाराएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा अंगणात आला. पाठीमागच्या भेंड्यात बोट घातलं, तर पेरभर सहज आत गेलं.

त्यात नवल काही नव्हतं. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढणारच. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून ती उडून जाते. चुना झिजतो, दर दोन-चार वर्षांनी सफेदी मागतो, पण भिंत वाचते. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही. कडक सिमेंट आणि मऊ माती उन्हापावसात सारखी हलतही नाहीत, म्हणून बारीक चिरा पडतात. चिरेतून झड आत शिरते आणि आतच राहते.

चुना मागे पडला त्यात गवंड्यांचीही बाजू आहे. चुन्याचे थर सावकाश वाळतात, हवेतला वायू शोषत महिनोन्‌महिने घट्ट होत जातात. रोजावर काम करणाऱ्याला तेवढी उसंत कोण देणार? सिमेंट आठवड्यात रंगाला तयार. घाणी बंद पडल्या, तसा मळलेला चुना हाताने ओळखणारी पिढीही संपत आली.

या उन्हाळ्यात आम्ही ती भिंत परत चुन्यात करून घेतली. काम बघायला आलेल्या शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, “पैसे कमी पडले का रे?” घरपट्टीच्या उताऱ्यात आमची नोंद मात्र १९९४च्या आधी होती तीच आजही आहे: दगड, विटा, माती.