शिकाऱ्याच्या कमरेचं छोटं रिव्हॉल्व्हर: पार्श्वभूमी

खांद्यावर रायफल असताना कमरेला आणखी रिव्हॉल्व्हर कशासाठी? जखमी होऊन पडलेल्या प्राण्याला जवळून एका गोळीत शांत करायचं, सापळ्यातल्या जनावराला कातडी न फाडता संपवायचं, मुक्कामाच्या चुलीसाठी ससा किंवा खार मारायची, ही ती कामं. मोठ्या रायफलीची गोळी सशावर घातली तर शिजवायला फारसं उरत नाही. छोट्या कॅलिबरची, म्हणजे बारीक नळी आणि गोळीची, निवड तिथून सुरू झाली.

अमेरिकेत १८५७ साली .२२ शॉर्ट हे काडतूस आणि ते झाडणारं सात गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बरोबरच बाजारात आलं. पुढे १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल आलं आणि नावात ‘रायफल’ असूनही रिव्हॉल्व्हरमध्ये त्यानंच ठाण मांडलं. १९३० च्या दशकात चार इंची नळीची ‘किट गन’ निघाली. गळ आणि दोरीच्या पिशवीत मावावी, म्हणून हे नाव.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. मराठीत आपण ‘१२ बोअरची बंदूक’ म्हणतो आणि त्याच दमात ‘३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर’ही म्हणतो. दोन्ही ‘बोअर’ वेगळे आहेत. बंदुकीच्या हिशेबात एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या जाडीची नळी म्हणजे १२ बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. रिव्हॉल्व्हरचा आकडा मात्र इंचाच्या शंभराव्या भागांत असतो. बंदुकीच्या हिशेबाने खरं ३२ बोअर अर्ध्या इंचाहून जाड निघेल! शिवाय हा आकडाही नेमका नसतो. .३२ ची गोळी भरते .३१२ इंच आणि .३८ ची सुमारे .३५७. जुन्या काडतुसांत गोळी पितळी नळकांड्याइतकीच जाड असे. नंतर ती नळकांड्याच्या आत गेली, बारीक झाली, पण .३८ हे नाव तसंच राहिलं. .२२ लाँग रायफल आजही जुन्या घडणीचं आहे. काडतूस बोटांत फिरवलं तर शिसं आणि पितळ एका रेषेत लागतं.

खरा वाद १९५९ च्या .२२ मॅग्नम या जास्त जोरकस काडतुसापासूनचा. यात गोळी नळकांड्याच्या आत बसते, त्यामुळे नळकांडं लाँग रायफलपेक्षा जाड असतं. रायफलीच्या लांब नळीतून ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला सुमारे १,९०० फूट वेगाने जाते. सहा इंची रिव्हॉल्व्हरमध्ये तीच गोळी बरीच मंदावते. दारू पुरती जळायच्या आत ती नळीबाहेर पडलेली असते. उरतो मोठा आवाज आणि तोंडाशी भडका. चुलीच्या शिकारीसाठी हा खर्च मला पटलेला नाही. मात्र सापळे लावणाऱ्यांना आणि जरा मोठ्या जनावरांशी गाठ पडणाऱ्यांना मॅग्नमचा जास्तीचा जोर हवाच होता.

मग एकाच रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचे फिरते भाग, देण्याची तोड निघाली. मधला दांडा ओढायचा, एक सिलिंडर काढून दुसरं बसवायचं. सोय मोठी, पण नळी एकच. ती मॅग्नमच्या मापाला धरून असली की लाँग रायफलची किंचित बारीक गोळी तीत सैल जाते, आणि नेमाच्या तक्रारी येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल घालू नये. ते आत बसतं, पण बार होताच पितळ फुगून फाटतं आणि वायू मागे उसळू शकतो.

सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर (काडतुसाचा खण) रिकामं ठेवायची सवय जुन्या रिव्हॉल्व्हरांपासूनची. जुन्या घडणीत घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असायचा आणि रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं तर बार होई. १९७३ मध्ये या जातीच्या गाजलेल्या रिव्हॉल्व्हरला घोड्याचा घाव पुढे पोहोचवणारी सरकती पट्टी आली. चाप ओढल्याशिवाय ती वर येत नाही आणि घाव काडतुसापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सहाही घरं निर्धास्त भरता येऊ लागली.

१९८४ मध्ये .३२ मॅग्नम आलं आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी त्याहून लांब व जोरकस .३२७. या घराण्यात गोळीची जाडी एकच, फरक फक्त लांबीचा. म्हणून .३२७ च्या सिलिंडरमध्ये जुनं, आखूड .३२ लाँगही चालतं. सशासाठी सौम्य काडतूस, जखमी रानडुकरासाठी जोरकस, आणि सिलिंडर बदलायची गरज नाही.