आपत्कालीन संच (बडोदे)

वीज, नळाचे पाणी, रस्ता आणि फोन एकदमच बंद पडले तरी घरातल्या माणसांचे निदान तीन दिवस निभावेत, या बेताने आधीच बांधून ठेवलेल्या सामानाला आपत्कालीन संच म्हणतात. बोलण्यात मात्र 'इमर्जन्सी किट' हाच शब्द आहे. या संचात काय असावे हे त्या त्या गावच्या संकटावर ठरते, आणि बडोद्याचे संकट म्हणजे विश्वामित्रीचा पूर.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते आणि वळणे घेत शहराच्या मधून जाते. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजवा तलावाचे जादा पाणीही तिच्यातच येते. त्यामुळे शहरात पाऊस उघडला तरी नदी चढत राहू शकते. बडोदेकर अशा वेळी आभाळाकडे पाहण्याऐवजी काळ्या घोड्याच्या पुलापाशी किती फूट पाणी आहे ते विचारतात. धोक्याची पातळी सुमारे 25 फुटांची. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेले. त्याआधी 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला होता.

म्हणून संचाची पहिली बाब वस्तूची नसून जागेची आहे. जिन्याखाली किंवा पलंगाखाली ठेवलेला संच सगळ्यात आधी भिजतो. त्याची जागा माळ्यावर, आणि तीही हाताला लागेल अशी. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत माळ्याचा पुढचा भाग गणपतीच्या मखराने अडवलेला असतो. मखर खाली येते भाद्रपदात, पूर बहुधा त्याआधीच येऊन जातो.

पाण्याचा हिशेब पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज 3 ते 4 लिटर असा धरतात. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी साधारण 48 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन पुरे होतात. पुराची बातमी येताच हंडे, कळश्या, पिंप भरून घेण्याची जुनी सवय आजही सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अंगणाखालच्या टाकीवर मात्र विसंबू नये. झाकणाच्या फटीतून पुराचे पाणी आत शिरले, की ती अख्खी टाकी पिण्यातून बाद होते.

साठा संपला तर शुद्धीकरणाकडे वळावे लागते, आणि नवख्या माणसाची गफलत इथेच होते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राला वीज लागते, बहुतेकांना नळाचा दाबही लागतो. पुरात ती भिंतीवर नुसती लटकलेली असतात. वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात ठिबकणारा कँडलचा फिल्टर अशा वेळी कामाला येतो. पोकळ तंतूंचे लहान प्रवासी फिल्टर जिवाणू आणि अमीबासारखे जीव अडवतात, पण सगळे विषाणू अडवतीलच असे नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी निवळणे, मग फडक्यातून गाळणे, त्यानंतर उकळणे किंवा क्लोरीनची गोळी, हा क्रम उलटवू नये, कारण गढूळपणात क्लोरीनचा जोर वाया जातो. बडोद्यासारख्या सखल शहरात पाणी खळखळून एक मिनिट उकळले तरी पुरते. गोळीचे प्रमाण पाकिटावर पाहावे, ती टाकून अर्धा तास थांबावे, आणि पाण्याला क्लोरीनचा मंद वास आला तर काम झाले असे समजावे. तेल किंवा कारखान्यातले रसायन पाण्यात मिसळले असेल तर यांतला एकही उपाय चालत नाही. शहराभोवती रिफायनरी आणि रासायनिक कारखाने असल्याने तेलाचा तवंग दिसलेले पाणी सरळ सोडून द्यावे.

खाण्याची चिंता या शहराला फारशी नाही. थेपले, खाखरा, सुखडी, चिवडा हे सगळे न शिजवता खाता येते आणि टिकतेही. टॉर्चपेक्षा कपाळावर बांधायचा दिवा बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. बॅटरीवरचा रेडिओ, भरलेली पॉवर बँक, दोर, शिट्टी, ताडपत्री, रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा आणि ओआरएसची पाकिटे हवीत. ओआरएस नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कागदपत्रे प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावीत. शौचाचा विचार यादी करताना कोणी करत नाही, पण गटारे तुंबून पाणी उलटे चढले की झाकणाची बादली, जाड काळ्या पिशव्या आणि लाकडाचा भुसा यांची किंमत कळते.

काही परदेशी याद्यांत शेवटी बंदूक असते. भारतात तिचा मार्ग शस्त्र अधिनियम, 1959 मधून जातो: परवाना लागतो, वय 21 पूर्ण असावे लागते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. परवाना पाच वर्षांसाठी असतो. पूर आला म्हणून झटपट घेण्याची ही वस्तू नव्हे, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यापुढे पुरात भलताच प्रश्न उभा राहतो: तिजोरी तळमजल्यावर असेल तर बंदूक आणि काडतुसे वर न्यायची आणि तिथेही कुलपात ठेवायची. बडोद्यात पुराबरोबर मगरीही सोसायट्यांत शिरतात. 2024 मध्ये एक तर घराच्या छपरावर दिसली होती. मगरीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कडक संरक्षण आहे, तिच्यावर गोळी झाडणे हा गुन्हा ठरतो. साचलेल्या पाण्यातून जावेच लागले तर लांब काठीने पुढची जमीन चाचपत जावे. उघडे मॅनहोल त्यानेच कळते. मगर दिसली तर दार लावून वन विभागाला, नाहीतर 112 ला फोन करावा.